कार्डात जागा होती, फोल्डरात नव्हती : एका रेडिओ स्कॅनरचं प्रकरण

आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींमधले एक ज्येष्ठ आहेत. वयानं बरेच मोठे, म्हणून मी त्यांना काकाच म्हणतो. रोज रात्रीचं नेट, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर भरणारी हजेरीची बैठक, तेच चालवतात. नेट चालू असताना त्यांचा हातातला डिजिटल स्कॅनर बाजूला रिपीटरच्या (सिग्नल पकडून पुन्हा जोरात पाठवणाऱ्या केंद्राच्या) फ्रिक्वेन्सीवर लावलेला असतो आणि प्रत्येक ट्रान्समिशन मेमरी कार्डवर साठवत राहतो. नेट संपलं की ते रेकॉर्डिंग ऐकून वहीत नोंदी करतात : कोण आलं, किती वाजता आलं, सिग्नल कसा होता. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. एके दिवशी स्क्रीनवर ‘कार्ड फुल’ आलं आणि रेकॉर्डिंग थांबलं.

त्यांच्या पुतण्यानं ३२ जीबीचं नवं मायक्रोएसडी आणून जुन्या ४ जीबीच्या कार्डाची हुबेहूब प्रत त्यावर केली. नवं कार्ड स्कॅनरमध्ये बसलं, स्कॅनर चालू झाला, चॅनेल सगळे जागेवर होते. पहिलं ट्रान्समिशन आलं आणि पुन्हा तोच संदेश : कार्ड फुल.

‘‘आठपट मोठं कार्ड टाकलंय रे, तरी हा म्हणतो भरलंय. स्कॅनर गेला बहुतेक,’’ काका फोनवर म्हणाले.

‘‘काका, काही डिलीट करू नका. दोन्ही कार्डं आणि स्कॅनर घेऊन या,’’ मी म्हणालो.

डिलीट करू नका असं म्हणण्याला कारण होतं. त्या कार्डात आमच्या एका मित्राचा आवाज होता. तो गेल्या वर्षी सायलेंट की झाला, म्हणजे आमच्या भाषेत वारला. नेटवर तो रोज यायचा आणि त्याची शेवटची हजेरी याच कार्डावर कुठेतरी होती. त्यामुळे कार्ड मोठं करण्याचं काम माझ्या लेखी दुय्यम होतं. आधी आतलं सगळं सुखरूप बाहेर यायला हवं होतं.

पहिली पाहणी

या स्कॅनरचं कार्ड बॅटरीच्या खाली असतं. स्कॅनर बटणानं बंद करायचा, स्क्रीन पूर्ण विझू द्यायची, मग बॅटरी काढायची आणि नखानं कार्डाची कड आत दाबायची. टक्‌ असा आवाज होऊन कार्ड थोडं वर येतं. हा क्रम मोडू नये, कारण रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी ओढली तर फाइल अर्धवट राहते. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला ४४ बाइटचं शीर्षक असतं. आवाज किती लांबीचा आहे हा आकडा त्यात शेवटी, फाइल बंद होताना भरला जातो. तो भरला गेला नाही आणि फोल्डरातली नोंदही अपुरी राहिली, तर आवाज कार्डावर असूनही फाइल शून्य बाइटची दिसते. काकांच्या कार्डात अशा अकरा फाइली निघाल्या. कधीतरी घाईत बॅटरी बदलली होती, असं त्यांनी सांगितलं.

जुनं कार्ड रीडरमध्ये घातलं, सगळं संगणकावर उतरवलं आणि प्रत मूळ फाइलींशी बाइटनं बाइट जुळवून घेतली. मग आकडे पाहिले. कार्डावर सुमारे ९०० एमबी जागा मोकळी होती.

म्हणजे जुनं कार्डसुद्धा भरलेलं नव्हतं. स्कॅनर चालू करून पाहिला तर कोपऱ्यात लहान अक्षरांत तो स्वतःच सांगत होता : रेकॉर्डिंगसाठी १६ तास शिल्लक. हिशेब बरोबर होता. आवाज सेकंदाला ८,००० नमुने, १६ बिट, एका वाहिनीवर साठवला जातो, म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट, तासाला ५७.६ एमबी. ९०० एमबीत सोळा तास बसतात. वर कार्ड फुल आणि खाली सोळा तास शिल्लक, ही विसंगती दोन वर्षं रोज स्क्रीन बघणाऱ्या काकांच्याही नजरेतून सुटली होती. संदेश ठळक असला की बाकीचं डोळ्यांना दिसत नाही.

माझे दोन चुकलेले अंदाज

नव्या कार्डावर सोळा तासच का दिसत होते, हे लगेच कळलं. पुतण्यानं पूर्ण कार्डाची प्रतिमा उतरवून नव्यावर चढवली होती. अशा प्रतीत जुन्या कार्डाचा विभागही (पार्टिशन) जसाच्या तसा येतो, त्यामुळे ३२ जीबीच्या कार्डावर ४ जीबीचा विभाग तयार झाला होता आणि उरलेली जागा कुणाच्याच खिजगणतीत नव्हती. कार्ड बदलताना ही चूक फार होते. मला वाटलं, सापडलं.

तो विभाग काढून पूर्ण कार्डाचा एकच विभाग केला, तो विंडोजमधून फॅट३२ मध्ये (कार्डावर फाइली मांडण्याची एक पद्धत) फॉरमॅट केला आणि फाइली कॉपी केल्या. स्कॅनरवर आता ५०० तासांच्या वर शिल्लक दिसू लागलं. ट्रान्समिशन आलं आणि पुन्हा कार्ड फुल.

मग माझा संशय कार्डाच्या खरेपणावर गेला. बाजारात अशी खोटी कार्डं असतात, ज्यांचा कंट्रोलर ३२ जीबी असल्याचं सांगतो पण आत चिप त्याहून लहान असते. ठरावीक हद्द ओलांडली की नवी माहिती जुन्यावर चढते किंवा हवेत जाते. यावर खात्रीचा उपाय एकच : कार्ड काठोकाठ भरायचं आणि सगळं परत वाचून जुळवायचं. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे प्रोग्रॅम नेमकं तेच करतात. पुन्हा कॉपी करायला फार वेळ लागणार नव्हता, म्हणून कार्ड पुसून चाचणी लावली. तासाभरात निकाल आला, कार्ड अस्सल होतं. कुठलंही नवं कार्ड यंत्रात घालण्याआधी ही चाचणी करावीच, असं माझं ठाम मत आहे. फक्त या वेळी उत्तर तिथे नव्हतं.

एक आकडा

कॉपी दुसऱ्यांदा चालू असताना संगणकाच्या खिडकीत रेकॉर्डिंगच्या फोल्डरातल्या फाइलींची संख्या दिसत होती : २१,८४४. पहिल्या वेळीही ती तिथे होतीच, मी फक्त आकार बघत होतो.

हा स्कॅनर प्रत्येक सिस्टिमसाठी एक फोल्डर करतो. जो माणूस दहा-पंधरा ठिकाणं स्कॅन करतो त्याच्या फाइली दहा-पंधरा फोल्डरांत विखुरतात. काका फक्त आपला रिपीटर ऐकतात. दिवसाला तीसेक ट्रान्समिशन, दोन वर्षं, आणि सगळ्या फाइली एकाच फोल्डरात.

फॅट३२ मध्ये फोल्डर म्हणजे ३२ बाइटच्या नोंदींची एक यादी. या यादीला कमाल मर्यादा आहे : ६५,५३६ नोंदी, म्हणजे नेमके २ एमबी. कार्ड ४ जीबीचं असो की त्याच्या कितीतरी पट, मर्यादा तीच. एका फाइलीला एक नोंद लागत असती तर काका अजून चार वर्षं निर्धास्त असते. पण ३२ बाइटच्या मूळ नोंदीत आठ अधिक तीन अक्षरांचंच नाव मावतं. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर लांब नावांची सोय आली ती जुन्या रचनेला धक्का न लावता : लांब नावाचे तेरा-तेरा अक्षरांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला एक जादा नोंद द्यायची. स्कॅनर फाइलीला तारीख आणि वेळेचं नाव देतो, टिंब आणि पुढच्या तीन अक्षरांसकट ते २३ अक्षरांचं होतं. म्हणजे नावाचे दोन तुकडे आणि मूळ एक नोंद, प्रत्येक फाइलीमागे तीन.

२१,८४४ ला तीननं गुणलं की ६५,५३२ येतात. प्रत्येक फोल्डरात स्वतःची आणि वरच्या फोल्डरची अशा दोन नोंदी असतातच. बेरीज ६५,५३४. यादीत दोनच ओळी उरल्या होत्या आणि नव्या रेकॉर्डिंगला तीन लागत होत्या.

कागदावरचा हिशेब जुळला म्हणून मी थांबलो नाही. जुनं कार्ड संगणकात घातलं आणि त्या फोल्डरात एका अक्षराच्या नावाची एक रिकामी मजकूर फाइल केली. इतक्या छोट्या नावाला एकच नोंद लागते. झाली. दुसरी केली, तीही झाली. तिसरी फाइल करायला गेलो तर संगणकानं नकार दिला. त्याच कार्डावर, फोल्डरच्या बाहेर, हव्या तेवढ्या फाइली बनत होत्या. काका शेजारीच बसले होते. ‘‘म्हणजे वही भरली नव्हती, अनुक्रमणिकेचं पान भरलं होतं,’’ ते म्हणाले. मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

स्कॅनरच्या आतल्या प्रोग्रॅमला फाइल बनवता आली नाही एवढंच कळलं, आणि त्यानं त्याला माहीत असलेला एकमेव संदेश दाखवला. यंत्र बनवणाऱ्यांनी इथे ‘फोल्डर भरलं’ असा वेगळा संदेश ठेवला असता तर एका माणसाचे तीन आठवडे वाचले असते. प्रतिमा चढवली तेव्हा फोल्डर तसंच आलं. मी फाइली कॉपी केल्या तेव्हाही तेवढ्याच फाइली तेवढ्याच लांब नावांनी एकाच फोल्डरात गेल्या. कार्ड कितीही मोठं आणलं असतं तरी निकाल हाच लागला असता. आणि याच फोल्डराचा ताण नसता तर जुन्याच कार्डावर अजून साडेसहा हजारांच्या आसपास फाइली, म्हणजे सुमारे सात महिन्यांचं रेकॉर्डिंग मावलं असतं.

तुटलेली कॉलसाइन

बोलता बोलता काकांनी एक गोष्ट सांगितली. त्यांना ती या प्रकरणाशी जोडलेली वाटत नव्हती. गेले काही महिने रेकॉर्डिंगमध्ये लोकांच्या कॉलसाइनचा (परवान्याबरोबर मिळणाऱ्या, रेडिओवर ओळख सांगणाऱ्या अक्षर-अंकांचा) सुरुवातीचा भाग ऐकूच येत नसे. नेट चालू असताना रेडिओवर मात्र ठीक असायचं. त्यांची समजूत अशी झाली की त्यांचे कान थकलेत आणि रेकॉर्डिंग खरं बोलतंय. मंडळी पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबल्याबरोबर बोलायला लागतात, रिपीटर उघडायला क्षणभर लागतो तो देत नाहीत. त्यांनी नेटवर चार-पाच वेळा चांगलं सुनावलंही होतं.

ते फोल्डरचंच लक्षण होतं. नवी फाइल करण्याआधी त्या नावाची फाइल आधीच आहे का, हे स्कॅनरला यादी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून तपासावं लागतं. यादीला क्रम नसतो, मधूनच उडी मारता येत नाही. छोट्या यंत्रांचा कार्डाशी बोलण्याचा वेग संगणकासारखा नसतो. नंतरच्या मोजमापांवरून या स्कॅनरचा वाचनवेग सेकंदाला एक एमबीच्या आसपास निघाला. २ एमबीची यादी वाचायला दोन सेकंद, आणि तेवढ्यात बोलणाऱ्याची कॉलसाइन निम्मी होऊन गेलेली. पहिल्या महिन्यात हा उशीर जाणवण्यासारखा नव्हता. तो रोज तीस फाइलींनी वाढत गेला, म्हणून कुणाच्या लक्षात आला नाही.

कार्डावर छापलेला सेकंदाला शंभर एमबीचा आकडा इथे काही कामाचा नाही. आवाज लिहायला सेकंदाला १६ केबी लागतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या क्लास २ कार्डाची हमीही सेकंदाला २ एमबीची असे, म्हणजे गरजेच्या सव्वाशे पट.

पुन्हा मांडणी

काकांचा आग्रह होता की एवीतेवी कार्ड बदलतोच आहोत तर १२८ जीबीचं टाकू. माझ्याकडे एक होतं, म्हणून लावून बघितलं. स्कॅनरनं ते ओळखलंच नाही. ३२ जीबीच्या वरची कार्डं एसडीएक्ससी प्रकारात येतात. हा प्रकार २००९ मध्ये आला आणि ही कार्डं कारखान्यातून एक्सफॅट या वेगळ्या पद्धतीत फॉरमॅट होऊन येतात. या स्कॅनरला फक्त फॅट३२ कळतं. वेगळ्या प्रोग्रॅमनं तेच कार्ड फॅट३२ केलं तेव्हा चाललं, पण चालू व्हायला २५ सेकंद लागले. जुन्या ४ जीबीच्या कार्डावर हाच स्कॅनर दहा सेकंदांत उठत असे.

हा फरक मला रंजक वाटला, म्हणून घड्याळ लावून बसलो. स्कॅनर सुरू होताना शिल्लक तास दाखवतो. त्यासाठी तो मोकळे क्लस्टर मोजत असणार. क्लस्टर म्हणजे कार्डावरची वाटपाची सर्वांत लहान वाटी. कुठला क्लस्टर भरला, कुठला मोकळा हे नोंदणाऱ्या फॅटच्या तक्त्यात प्रत्येक क्लस्टरमागे चार बाइट असतात. १२८ जीबीच्या कार्डावर ३२ केबीचे क्लस्टर केले तर तक्ता साडेपंधरा एमबीचा होतो, आणि सेकंदाला एक एमबीनं तो वाचायला जवळपास तेवढेच सेकंद. ३२ जीबीचं कार्ड विंडोजनं स्वतःहून १६ केबीच्या क्लस्टरचं केलं होतं : तक्ता सुमारे आठ एमबी, सुरू व्हायला साडेसतरा सेकंद. तेच कार्ड एसडी असोसिएशनच्या मोफत फॉरमॅटरनं केलं, तो क्लस्टर ३२ केबीचे करतो : तक्ता चार एमबीच्या आत, वेळ साडेतेरा सेकंद. मोजमापं हिशेबाला इतकी चिकटून आली की मोजणीचा तर्क मी पक्का धरला.

म्हणजे या यंत्रात कार्ड जितकं मोठं, तितका ते चालू व्हायला उशीर. काकांना दिवसाला चार एमबीच्या आसपास जागा लागते. ३२ जीबी त्यांना वीस वर्षांवर पुरतील. १२८ चं कार्ड मी परत खिशात घातलं. जास्त लिखाण सोसणारी म्हणून वेगळी विकली जाणारी कार्डंही इथे अनावश्यक आहेत, ती दिवसरात्र चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी. साधं, अस्सल, ३२ जीबीचं कार्ड पुरे.

आता फोल्डर. जुन्या कार्डावर आधी एक प्रयोग केला, कारण सगळं सुखरूप उतरवून झालं होतं. फोल्डरातल्या सगळ्या फाइली डिलीट केल्या, फोल्डर तसंच ठेवलं. ‘कार्ड फुल’ गेलं, रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि कॉलसाइन तरीही तुटलेलीच. फोल्डर रिकामं असूनही यादी २ एमबीचीच राहिली होती. फॅटमध्ये फाइल डिलीट होते म्हणजे तिच्या नोंदीच्या पहिल्या बाइटवर खोडल्याची खूण होते, ओळ जागची हलत नाही. शोधणारा त्या खोडलेल्या ओळीही एकेक करून ओलांडत शेवटपर्यंत जातो. मग अख्खं फोल्डरच उडवलं. पुढच्या ट्रान्समिशनला स्कॅनरनं त्याच नावाचं फोल्डर आपण होऊन तयार केलं आणि कॉलसाइन पहिल्या अक्षरापासून ऐकू आली. नुसत्या फाइली डिलीट करून ‘साफ केलं’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जागा परत मिळते, वेग मिळत नाही.

नव्या कार्डावर म्हणून रेकॉर्डिंग नेलंच नाही. चॅनेलचा डेटाबेस आणि सेटिंगच्या फाइली तेवढ्या कॉपी केल्या, लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू ठेवून, नाहीतर एखादी मागे राहते. कार्डाला जुन्या कार्डाचंच नाव दिलं. काही यंत्रं ते तपासतात, हे तपासतं की नाही हे बघत बसण्यापेक्षा नाव देणं सोपं होतं. रेकॉर्डिंग संगणकावर महिनावार फोल्डरांत लावलं आणि त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली. फाइलीच्या नावातच तारीख-वेळ असल्यामुळे लावणं सोपं गेलं. काकांना एकच नियम लिहून दिला : दर महिन्याच्या एक तारखेला रेकॉर्डिंगचं फोल्डर संगणकावर उतरवायचं, दोन-चार फाइली वाजवून बघायच्या, मग कार्डावरचं फोल्डर पूर्ण उडवायचं. महिन्याला नऊशे फाइली झाल्या तर यादी नव्वद केबीच्याही आत राहते.

जुनं कार्ड मी पाकिटात घालून त्यावर तारीख लिहिली आणि काकांना परत दिलं. त्याआधी उतरवलेल्या प्रतीत आम्ही त्या मित्राची शेवटची हजेरी शोधली. ती यादी लांबत चाललेल्या काळातली होती. त्याच्या कॉलसाइनची शेवटची दोन अक्षरं, मग नाव, मग ‘सर्वांना शुभ रात्री’. काकांनी ती फाइल दोनदा ऐकली.

त्या रात्री नेट सुरू करताना त्यांनी हजेरी घेण्याआधी सगळ्यांना सांगितलं की गेले काही महिने पीटीटीवरून मी तुम्हाला बोललो, चूक तुमची नव्हती, माझ्या स्कॅनरच्या फोल्डरची होती. मग त्यांनी मित्राची कॉलसाइन पूर्ण उच्चारली आणि हजेरीला सुरुवात केली. नव्या कार्डावरची ती पहिली फाइल आहे, एकोणचाळीस सेकंदांची, आणि काकांची स्वतःची कॉलसाइन तिच्यात पहिल्या अक्षरापासून आहे.